विहिरीच्या गल्लीतले नंबर

रस्ते खात्यात नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर लोक दोनच प्रश्न विचारतात. खड्डे का पडतात, आणि तुम्ही कुठला पूल बांधलात? पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, दुसऱ्याचं छोटं. मी एकही पूल बांधला नाही. मी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात दुय्यम अभियंता होते. फुटपाथ, गटारांची झाकणं, स्पीडब्रेकर हवाच म्हणून अर्ज करणारे आणि त्याच स्पीडब्रेकरने कंबर गेली म्हणून भांडायला येणारे, हा माझा संसार. शेवटच्या काही वर्षांत मात्र माझ्या टेबलावर एक नवंच काम येऊन पडलं. मुलुंड पूर्वेच्या एका गल्लीत रहिवाशांना परवान्यावर गाड्या लावू द्यायच्या. प्रायोगिक तत्त्वावर. सरकारी भाषेत प्रायोगिक याचा अर्थ, जमलं तर साहेबांचं आणि फसलं तर तुमचं.

कल्पना ऐकायला साधी. गल्लीतल्या जुन्या तीन मजली इमारती बांधल्या तेव्हा माणसाकडे फार तर सायकल असायची. आवारात पाण्याची टाकी, मीटरची खोली आणि दोन नारळ, एवढ्यात जागा संपते. आता प्रत्येक घरात गाडी. त्यात स्टेशनला येणारे बाहेरचे लोक सकाळी गाडी टाकून जातात ते संध्याकाळी उगवतात. तेव्हा ज्यांच्या इमारतीत गाडीला जागा नाही त्यांना घरटी एक परवाना द्यायचा, काचेवर स्टिकर लावायचं, आणि स्टिकर नसलेली गाडी उचलून न्यायची. एवढंच.

हे 'एवढंच' करायला आधी रस्ता मोजावा लागतो. रस्त्याची रुंदी म्हणजे नकाशावरची रुंदी नव्हे. अग्निशमनाचा बंब जायला लागणारी वाट सोडायची, इमारतींची फाटकं सोडायची, झाडांची आळी आणि गटारांची तोंडं सोडायची, वळणाचा कोपरा सोडायचा. मग जे उरतं त्यात गाड्या. आमच्या गल्लीत एकाच बाजूला, एकामागे एक अशी रांग बसत होती. गल्ली पुढे बंद. तिच्या तोंडाशी एक बुजवलेली विहीर आहे, तिच्यावर आता दूध केंद्र आहे, पण म्हणतात विहिरीची गल्लीच.

मोजणीच्या पहिल्या दिवशी कळलं की रस्ता आधीच वाटला गेलेला आहे. लोकांनी जागा धरून ठेवल्या होत्या. फुटकी बादली, टायर, सिमेंट भरलेला रंगाचा डबा. हे सगळं मी गाडीत भरून नेलं आणि कोणी चकार शब्द काढला नाही. पण पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी जागा धरायला पत्र्याच्या डब्यात तुळस लावून रस्त्यावर ठेवली होती. माझे कामगार तिच्याजवळ जाऊन थांबले. एकजण चप्पल काढून उभा राहिला.

"मॅडम, ह्याला आपण नाय हात लावणार."

बाई गॅलरीतून बघत होत्या. "उचला की! बघू कोण उचलतंय!"

मी म्हटलं, "वहिनी, रस्त्यावर कुत्री येतात, लोक थुंकतात. तुळस अशी ठेवतात का हो? खाली या, हळदकुंकू आणा, आपण दोघी मिळून आत नेऊ."

बाई आल्या. काय करतात बिचाऱ्या. आम्ही दोघींनी यथासांग तुळस फाटकाच्या आत नेली आणि मी पाच फुटांवर चुन्याची रेघ मारली. वहिनींनी पुढे मला वर्षभर ओळख दाखवली नाही.

दुसरे गृहस्थ सामंत. ह्यांच्याकडे गाडीच नव्हती, पण परवाना हवा होता.

"गाडी नाही तर परवाना कशावर देऊ?"

"मॅडम, मुलाचं बघतोय. मुलीकडचे पहिला प्रश्न काय विचारतात माहितीय? पार्किंग आहे का? गाडी काय, बँक देते. पार्किंग कोण देणार?"

बोलणं खरंच होतं. पण नियमात बसत नव्हतं. सामंतांनी पंधरवड्यात एक जुनी, निळी, जेमतेम चालणारी गाडी आणून उभी केली आणि रीतसर अर्ज दिला. माझ्या आखलेल्या गल्लीमुळे एका मुलाचं लग्न ठरलं असेल तर ते हेच.

याच मोजणीत मला परब भेटले. विमा कंपनीतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे, गल्लीच्या बंद टोकाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे. सकाळी साडेदहाच्या सुमारास मी टेप धरून उभी होते. परब खाली आले, स्वतःच्या गाडीच्या पुढच्या गाडीला कंबर लावली आणि सरळ ढकलली. ती पुढच्या गाडीला टेकली. मग पुढची ढकलली. चार गाड्या थोड्या थोड्या सरकल्या आणि त्यांची गाडी निघायला जागा झाली. हे सगळं इतक्या सहज की वाटावं, घरातल्या खुर्च्या सरकवतायत.

"ह्या गाड्या तुमच्या आहेत?" मी विचारलं.

"माझी ही एकच. बाकीच्यो लोकांच्यो."

"मग तुम्ही ढकलताय कशा?"

परबांनी माझ्याकडे, मी कुठून आले अशा नजरेने पाहिलं. "न्यूट्रलवर असतत ना सगळ्यो. हँडब्रेक खाली, चाकां सरळ. ज्याका व्हयी त्यानं ढकलूची. तुमच्याकडे नाय करत?"

माझ्याकडे, म्हणजे घाटकोपरला, आमच्या टॉवरमध्ये गाडी तळघरात असते आणि शेजाऱ्याच्या गाडीला हात लावला तर सोसायटीची नोटीस येते. मुंबईत इतरत्र मी हे बघितलं होतं, पण अख्ख्या गल्लीने असं शिस्तीत पाळलेलं नव्हतं. शेवटाकडे जरा उतार होता, तर तिथे प्रत्येक गाडीच्या चाकाला वीट. ढकलणाऱ्याने वीट काढायची आणि काम झालं की परत लावायची. ज्या डॉक्टरीणबाईंची गाडी ऑटोमॅटिक होती, ती न्यूट्रलवर सोडता येत नसे, त्यांची किल्ली गल्लीतल्या इस्त्रीवाल्याच्या खुंटीला. फाटकासमोर टेम्पो आला की चार माणसं पुढे आणि चार मागे ढकलायची, मधे खिंडार पडायचं, टेम्पो आत घुसायचा. माझ्या मोजणीत जेवढ्या गाड्या बसत होत्या त्याहून बऱ्याच जास्त तिथे उभ्या होत्या, त्याचं कारण हे.

परबांच्या मागून त्यांची बायको, सगळ्या गल्लीच्या काकी, येत होत्या. भिंतीला धरून, प्रत्येक पावलाला थांबत. त्यांचं डायलिसिस चालू होतं, एक दिवसाआड. गाडी परबांनी त्याच्यासाठीच घेतली होती, जुनी, पण दार मोठं उघडणारी. जाताना काकी बऱ्या असत. परत येताना अंगात त्राण नसे, कधी चक्कर, कधी उलटी. तेव्हा गाडी थेट फाटकाला लागायला हवी. परब गल्लीत शिरून दोनदा हॉर्न वाजवायचे की कोणी ना कोणी खाली येऊन टोकाची रांग सरकवायचं. गाडी आत, काकी फाटकात, दोन पायऱ्या, मग जिन्यात प्रत्येक वळणावर एक स्टूल ठेवलेलं.

"पाटबंधाऱ्याचा काम काढलास काय गो बाय, एवढी टेप घेऊन?" काकींनी मला विचारलं. मला त्या तेव्हाच आवडल्या.

पुढे रहिवाशांची सभा झाली. वरून आलेल्या आदेशात एवढंच होतं की परवाना गल्लीचा द्या. गल्लीत कुठेही लावा. पण सभेत एकच गलका. नंबर द्या! रोजची कटकट नको, ज्याची जागा त्याची. यात सगळ्यात पुढे कर्णिक. एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम करणारे, टापटीप, गाडीवर रोज कव्हर घालणारे.

"मॅडम, सगळं आयुष्य भाड्याच्या खोलीत काढलं," ते म्हणाले. "भाडेपावती वडिलांच्या नावावर, ऑफिसातलं टेबल कंपनीचं. निदान गाडीखालची जमीन तरी माझी म्हणू द्या."

लोक हसले, पण मला त्यांचं वाईट वाटलं. माणूस खोटं बोलत नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, तुम्हाला हवेत तर नंबर टाकू. परब मागे बसले होते. काकींच्या औषधाची वेळ झाली तसे ते उठले.

चिठ्ठ्या टाकल्या. गणपतीच्या मंडळाची कळशी आणली, एका छोट्या मुलीने चिठ्ठ्या काढल्या. परबांना निघाला एक नंबर, म्हणजे दूध केंद्राजवळ, गल्लीच्या तोंडाशी. त्यांच्या फाटकालगतचा शेवटचा नंबर निघाला कर्णिकांना. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग रंग. रस्त्यावरचा पांढरा पट्टा म्हणजे साधा रंग नसतो, तो वितळवून गरम ओततात आणि तो डांबराला धरून बसतो. गल्ली अशी देखणी दिसायला लागली की साहेबांनी येऊन फोटो काढले. दसऱ्याला लोकांनी गाडीबरोबर नंबरालाही झेंडूचा हार घातला. सामंतांनी मुलाच्या बायोडेटात 'स्वतंत्र पार्किंग' आणि पुढे नंबर छापला. बाहेरच्यांच्या गाड्या बंद झाल्या. भांडणं कमी झाली. मी खरोखर खूश होते.

आणि लोकांनी हँडब्रेक ओढले.

कोणी ठरवून नाही. आपली चौकट, आपला नंबर, आता गाडी कोणाला ढकलू का द्यायची? ओरखडा पडला तर? विटा गेल्या. डॉक्टरीणबाईंनी खुंटीवरची किल्ली घरी नेली. आखणीच्या कागदावर हे काहीच दिसत नव्हतं, कारण हँडब्रेकचा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

महिन्याभराने परब ऑफिसात आले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, मग म्हणाले, "मॅडम, तिका एक नंबरपासून चलवत नाय."

गल्ली काही फार लांब नाही. पण डायलिसिस करून आलेल्या बाईला ती मैलभर. परब गाडी फाटकासमोर रस्त्याच्या मधेच थांबवत, काकींना धरून जिना चढवत, आणि तोवर मागे हॉर्न. एकदा एकाने खाली उतरून सुनावलं होतं की तुमची जागा तिकडे आहे ना, मग इकडे काय. ते बोलणं परबांना लागलं होतं. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी कर्णिकांकडे गेले. म्हटलं, तुमची गाडी रविवारशिवाय निघत नाही. परबांशी अदलाबदल करा, मी कागद फिरवते.

"मॅडम, चिठ्ठीत निघालंय," कर्णिक म्हणाले. "उद्या एक नंबरला माझी गाडी बसवाले, टेम्पोवाले घासून जातील. मी वाईट माणूस नाहीये हो. पण दर वेळी मीच का?"

जबरदस्ती करता येत नव्हती. परबांना मी म्हटलं, बघू. सरकारी ऑफिसातला 'बघू' काय असतो ते त्यांना विमा कंपनीमुळे ठाऊक होतं. ते नमस्कार करून गेले.

त्यानंतर मी एक दिवस पट्ट्यांच्या तपासणीला गल्लीत गेले होते. दुपारची वेळ, बहुतेक गाडीवाले लोकलने कामावर गेलेले, गाड्या जागेवर. कर्णिकांचा नवा सोफा आला होता म्हणून ते रजेवर होते. सोफ्याचा टेम्पो टोकाला, रस्त्याच्या मधोमध उभा. पूर्वी रांग सरकवून त्याला बाजूला घेतलं असतं. आता सगळ्या गाड्या आपापल्या चौकटीत घट्ट. टेम्पोच्या मागे परबांची गाडी येऊन अडकली. तिच्या मागे रिक्षा, तिच्या मागे गॅसची गाडी. मागे जाता येईना, पुढे तर येईचना.

काकी मागच्या सीटवर पडल्या होत्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. परब उतरले आणि सवयीने जवळच्या गाडीला कंबर लावली. गाडी हलली नाही. पुढचीला लावली. तीही नाही. तिसरीचा अलार्म बोंबलायला लागला. परब तरी ढकलतच होते. त्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. "सरक गे बाय, सरक," असं गाडीला म्हणत होते. ते बघवत नव्हतं.

कर्णिक धावत किल्ली घेऊन आले. गाडी सुरू केली. पण नेणार कुठे? पुढे भिंत, बाजूला टेम्पो, मागच्या गाडीचा मालक नरिमन पॉइंटला. त्यांनी स्टिअरिंग इकडे तिकडे फिरवलं आणि मग तसेच आत बसून राहिले.

शेवटी मीच ओरडले, खुर्ची आणा. इस्त्रीवाल्याने प्लास्टिकची खुर्ची आणली. काकींना तिच्यात बसवलं. दोन पाय टेम्पोवाल्यांनी धरले, एक इस्त्रीवाल्याने, आणि चौथा कर्णिकांनी. गाड्या आणि टेम्पोच्या फटीतून खुर्ची नेताना तिरकी करावी लागत होती. काकींनी डोळे उघडले.

"सोफो आणलास रे कर्णिका?" त्या म्हणाल्या. आवाज जेमतेम येत होता.

"हो काकी."

"मगे माका ह्या फुटक्या खुर्चेत कित्याक बसवलास?"

टेम्पोवाले हसले. कर्णिक मात्र रडले. जिन्यातल्या स्टुलांपाशी न थांबता त्यांनी काकींना दुसऱ्या मजल्यापर्यंत नेलं. डॉक्टरीणबाई वर गेल्या, रक्तदाब बघितला, तासाभराने काकी जरा बऱ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी कर्णिक ऑफिसात हजर. अदलाबदलीचा अर्ज सही करून आणला होता. मी परबांना बोलावलं. परबांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि कर्णिकांच्या खिशात परत ठेवला.

"नको. आज तुझी जागा घेतलंय, उद्या सामंताची म्हातारी पडात, परवा आणि कोण. किती जणांच्यो जागा बदलशात? तू फक्त हँडब्रेक नको रे ओढू. बाकीच्यांका पण सांग."

पुन्हा सभा. या वेळी कर्णिकांनीच मांडलं की नंबर काढून टाकू, परवाना गल्लीचाच राहू दे. आरडाओरडा झाला. सामंत उभे राहिले. "अहो, बायोडेट्यात नंबर छापलाय! उद्या मुलीकडचे बघायला येतील!" तुळसवाल्या वहिनी म्हणाल्या की आधी तुळस नेली, आता नंबर नेतायत, ह्या बाईला आमचं सुख बघवत नाही. कोणी म्हणालं काकींचं वाईट वाटतं खरं, पण एका माणसासाठी गल्ली का बदलायची. परब तिथेच होते. हे ऐकून ते उठले आणि निघाले. कर्णिक मोठ्याने म्हणाले, "त्या दिवशी खुर्ची उचलायला तुम्ही नव्हता. मी होतो." त्यांचा आवाज फाटला. मग मी हात वर करायला सांगितलं. थोडक्या मतांनी, पण मंजूर झालं.

वितळवून ओतलेला रंग निघत नाही. खरवडून, जाळून थोडा निघतो, उरलेल्यावर काळा फासायचा. साहेब म्हणाले, "मॅडम, फोटो पेपरात आलेत आणि तुम्ही नंबर पुसताय?" मी म्हटलं, आदेशात नंबर नव्हतेच. ते बराच वेळ आदेश वाचत बसले. काळा फासला गेला. विटा परत आल्या. किल्ली खुंटीवर गेली. सगळेच सुधारले असं नाही. दोन-तीन जण शेवटपर्यंत हँडब्रेक ओढत राहिले आणि लोक त्यांना शेवटपर्यंत शिव्या देत राहिले. पण परबांनी दोनदा हॉर्न वाजवला की कोणीतरी खाली यायचं.

प्रायोगिक योजना पुढे कागदावरच विरली. स्टिकर नवी झाली नाहीत, साहेबांची बदली झाली, मी निवृत्त झाले. कोणी विचारलं की तुमचं काम यशस्वी झालं का, तर मला नीट सांगता येत नाही. सामंतांच्या मुलाचं लग्न मात्र झालं.

गेल्या हिवाळ्यात सकाळी कर्णिकांचा फोन आला. "काकी गेल्या. तुम्हाला कळवावंसं वाटलं." मी गाडी काढली. गल्लीत पोचले तेव्हा माणसं जमली होती. तोंडाशी, दूध केंद्राजवळ, एक जागा दिसली तिथे लावली. काळा रंग झिजून खालचा पांढरा एक नंबर पुन्हा दिसायला लागला होता.

काकींना खाली आणलं होतं. चेहरा शांत होता. परब पायाशी उभे होते, हात बांधून. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, गाडी खंय लावलात?"

"तोंडाशी. एक नंबरला."

"हँडब्रेक?"

मी मान हलवली. "न्यूट्रलवर आहे."

"बरा केलात," परब म्हणाले, आणि मग पहिल्यांदा त्यांचा बांध फुटला.

थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. शववाहिका लांबलचक होती, वळणाला बसत नव्हती. कोणी कोणाला हाक मारली नाही. तुळसवाल्या वहिनींनी वाकून चाकाची वीट काढली. सामंतांनी, कर्णिकांनी, इस्त्रीवाल्याने एकेका गाडीला हात लावला आणि रांग सरकायला लागली. त्या रांगेत सगळ्यात शेवटी माझीही गाडी होती, आणि दोन अनोळखी माणसं ती हळूहळू पुढे ढकलत होती. वळण मोकळं झालं, टोकाला फाटकासमोरही जागा झाली. गाडी थेट दाराला लागली.